विजेच्या पंचनाम्यात हवा नाही

एप्रिल-मे महिन्यांत धाराशिव जिल्ह्यात बांध पेटतात. धसकटे, पाचट, काडीकचरा जाळून रान खरिपासाठी मोकळे केले जाते. त्याच दिवसांत दुपार कलली की वळवाचे ढग चढतात आणि शिवारात ईज पडते. तलाठी येतो, पंचनामा होतो, वारसांना चार लाखांची मदत मंजूर होते. कागदावर गट नंबर असतो, वेळ असते, झाड असते. हवेचा रकानाच नसतो.

तो असायला हवा. धुराचे कण ढगात शिरले की तेवढीच वाफ जास्त कणांवर वाटली जाते आणि थेंब बारीक होतात. बारीक थेंब लवकर बरसत नाहीत. ते वर चढून गोठतात. तिथे बर्फाचे कण आणि बारीक गारा एकमेकांवर आपटतात, विद्युतभार साठतो.

याचा पुरावा समुद्रावर मिळाला आहे. हिंदी महासागर आणि दक्षिण चीन समुद्रात जहाजांच्या वाटेवर आजूबाजूपेक्षा जवळपास दुप्पट विजा होत होत्या, हे 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. 2020 पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा 3.5 टक्क्यांवरून 0.5 टक्क्यावर आली. सिंगापूरजवळच्या वाटांवरच्या विजा साधारण निम्म्या झाल्या. समुद्र तोच, जहाजे तीच. बदलला तो धूर.

जमिनीवर हिशेब एवढा सरळ नाही. ऊन, ओलावा, डोंगर यांचा वाटा मोठा असतो. धूर फार दाटला तर ऊन अडते आणि ढग वाढतही नाही. पण म्हणूनच आपल्या शिवारावरची हवा मोजली पाहिजे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात सोलापूर आहे, लातूर आहे. मधला धाराशिव नाही; ती यादी निवडक शहरांची. वीज मात्र माणसे मारते ती उघड्या रानात.

पुण्याच्या हवामान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप विजेबद्दल वेळेवर सावध करते. ते प्रत्येक गावात पोहोचलेच पाहिजे. तरी ते काम ढग भरल्यानंतरचे.

जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने येत्या उन्हाळ्याआधी तुळजापूर, कळंब, परंड्यात हवेतील कणांची मोजणी सुरू करावी आणि ते आकडे विजेच्या नोंदींशेजारी ठेवावेत. शेतकऱ्यांनी त्यासाठी थांबू नये. पाचट रानातच कुजवावे, वळवाच्या दिवसांत बांधाला काडी लावू नये.