साडेसात मिनिटांसाठी

माझ्याकडे यामाहा आरएक्स 100 आहे. अब्बांनी 1992 साली घेतलेली, काळी, नंबर एमएच 11 चा. अब्बा एसटीच्या मेढा आगारात मेकॅनिक होते. पगारातून पैसे साठवून आणि सोसायटीचं थोडं कर्ज काढून त्यांनी ती घेतली, तेव्हा आमच्या आळीत दुसरी मोटरसायकल नव्हती. ईदच्या दिवशी नमाजनंतर आळीतली सगळी पोरं एकेक चक्कर मारायला रांग लावायची. त्यात हिंदू पोरं जास्त असायची, कारण आमची घरंच मोजकी.

या वर्षी मी ती गाडी देऊन केटीएम 390 ड्यूक घ्यायला निघालो होतो. भाच्याने डोक्यात भरवलं असं मी घरी सांगितलं, पण ते खोटं होतं. हाव माझीच होती. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, नोकरी साताऱ्यात, मुलगी बारावी झालेली, मुलगा सोळाचा, आणि मी रात्री जेवणानंतर मोबाइलवर त्या गाडीचे व्हिडिओ बघत बसायचो. मग ती चालवूनही पाहिली. हायवेवर ॲक्सिलरेटर पिळला तेव्हा छातीत जे झालं ते नाकारण्यात अर्थ नाही. मजा आली. वेगात मजा नसते असं सांगणारा माणूस एक तर खोटं बोलतो किंवा त्याने कधी गाडी चालवलेली नसते.

तरीही मी गाडी बदलली नाही. का बदलली नाही, आणि तुम्हीही दहा वेळा विचार का करावा, हे आज लिहितो आहे. काहींना राग येईल. येऊ द्या.

आधी हिशेब. शोरूममधला मुलगा सभ्य होता. त्याने आरएक्सभोवती दोन फेऱ्या मारल्या, किक मारली, आवाज ऐकला आणि एक्स्चेंजमध्ये पंचेचाळीस हजार देतो म्हणाला. नवी गाडी रस्त्यावर येईपर्यंत तीन लाखांच्या घरात. म्हणजे अडीच लाखांचं कर्ज. अकरा टक्के व्याज, तीन वर्षं, हप्ता आठ हजारांच्या वर. घरी येऊन मी वहीत आकडेमोड केली. तीन वर्षांत व्याज निघालं साधारण पंचेचाळीस हजार. जेवढी अब्बांच्या गाडीची किंमत, तेवढंच. म्हणजे मी आरएक्स देऊन गाडी घेणार नव्हतो, आरएक्स व्याजात घालणार होतो. याला आपण एक्स्चेंज म्हणतो!

आणि व्याजाचा विषय निघालाच आहे तर आपल्या घरातलं बोलू. माझ्या मुलीला मिरजेला नर्सिंगला जायचं आहे. शैक्षणिक कर्ज काढू म्हटल्यावर आमच्या नात्यातले तीन जण मला समजावायला आले. व्याज हराम आहे, मुलीच्या शिक्षणात बरकत राहणार नाही, त्यापेक्षा इथेच काहीतरी कोर्स करू दे, वगैरे. त्याच तिघांपैकी दोघांच्या दारात हप्त्यावर घेतलेल्या गाड्या उभ्या आहेत. मी तिथे नजर टाकली तर म्हणाले, "वो तो जरूरत है." मुलाची बाईक जरूरत, मुलीची नर्सिंग हराम! व्याजाबद्दल कुणाची श्रद्धा प्रामाणिक असेल तर मला तिचा आदर आहे. पण ती श्रद्धा मुलीच्या फीला जागी होते आणि शोरूमच्या दारात झोपते, तेव्हा ती श्रद्धा राहत नाही, ती सोय असते.

आता वेगाचा हिशेब. मेढा ते सातारा पंचवीस किलोमीटर धरा. गावं, वळणं, गुरं, ऊस भरलेले ट्रॅक्टर, वडापच्या जीपा. सरासरी चाळीसने गेलं तर साडेसदतीस मिनिटं लागतात. जिवावर उदार होऊन सरासरी पन्नास काढली तर तीस. वाचली किती? साडेसात मिनिटं. या रस्त्यावर पन्नासची सरासरी काढायची तर मध्ये कुठे कुठे ऐंशी-नव्वदने हाणावं लागतं, हे चालवणाऱ्याला माहीत आहे. वाचलेल्या साडेसात मिनिटांचं आपण काय करतो? राजवाड्यावर चहाच्या टपरीला टेकून गाडी किती मिनिटांत आणली ते सांगतो. त्यातच ती संपतात.

दुसरीकडे ऐंशीची किंमत बघा. चाळीसच्या वेगाने गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते, ऐंशीने बावीस. समोर म्हैस आली हे डोळ्याला दिसून हाताने ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद धरला, तर ऐंशीवाला ब्रेक लागायच्या आधीच बावीस मीटर पुढे गेलेला असतो. त्यानंतर थांबायला लागणारं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं, कारण वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते. शाळेत हे आपण सगळे शिकलो, पेपरात लिहून मार्कही मिळवले आणि शाळेच्या दारातच सोडून आलो. अब्बा सातवीपर्यंत शिकलेले. त्यांना सूत्र माहीत नव्हतं, पण ते म्हणायचे, "गाडी भगाने को अकल नै लगती, रोकने को लगती."

केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. त्यात दुचाकीवरची 44 टक्क्यांहून जास्त. दहातले सात मृत्यू अतिवेगाच्या खात्यात. आकडे वाचून काही होत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून एकाचंच सांगतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या ओळखीच्या घरातला एकोणीस वर्षांचा मुलगा केळघर घाटात गेला. धुकं, ओला रस्ता, वळणावर आलेली माती. केळघर घाट पावसाळ्यात काय असतो हे जावळीच्या माणसाला सांगायला नको. 2021 च्या जुलैत दरडी कोसळून हाच घाट बंद पडला होता. मुलाच्या जनाज्याला मी खांदा दिला. चाळीसाव्याला त्याच्या वडिलांशेजारी बसलो होतो, तेव्हा त्यांच्या फोनवर मेसेज आला. हप्त्याची तारीख होती. कर्ज वडिलांच्या नावावर होतं. मुलगा गेला, गाडीचा सांगाडा आवारात पडला, आणि हप्ते चालू राहिले.

त्या घरात महिनाभर मी एकच वाक्य ऐकलं, अल्लाहची मर्जी. मी तिथे गप्प बसलो, कारण ते वाक्य बापाच्या काळजावरची फुंकर होती आणि त्या वेळी तीच योग्य होती. पण इथे गप्प बसणार नाही. आधी उंट बांध, मग अल्लाहवर भरोसा ठेव, अशी पैगंबरांची शिकवण आहे. मशिदीत ती आपण सगळ्यांनी ऐकली आहे. हेल्मेट टाकीवर लटकवून, सायलेन्सर कापून, धुक्यातल्या वळणावर सत्तरने जाणाऱ्याने उंट बांधला होता का? एकोणीस वर्षांच्या पोराच्या हातात त्रेचाळीस हॉर्सपॉवर देणाऱ्या घराने बांधला होता का? आपल्या निष्काळजीपणाची पावती तकदीरच्या नावाने फाडणं हा माझ्या मते तकदीरचा अपमान आहे.

यावर लगेच कुणीतरी म्हणेल, तुम्ही आपल्याच लोकांना बदनाम करता, बाकीचे काय हळू चालवतात? अजिबात नाही. ईदला ट्रिपल सीट निघणारी आपली पोरं आणि रॅलीत झेंडे लावून निघणारी त्यांची पोरं, दोघांच्या सायलेन्सरचा आवाज सारखाच असतो. ससूनच्या किंवा साताऱ्याच्या सिव्हिलच्या खाटेवर दोघांचा पाय सारखाच लटकतो. पण मी माझ्या घरातल्याला आधी बोलणार. शेजाऱ्याचं घर जळतंय म्हणून आपल्या घराची आग विझवायची नाही, हा कुठला न्याय?

आता माझ्या विरोधातला सगळ्यात दमदार मुद्दा घेतो. भाचा म्हणाला, "मामू, तुमच्या आरएक्सला पुढे-मागे ड्रम ब्रेक आहेत. नव्या गाडीला डिस्क आहे, एबीएस आहे. जास्त सेफ कोणती?" मुद्दा बिनतोड आहे. पावसात आरएक्सचा ब्रेक दाबताना मी स्वतः दुवा पढतो. पण भाच्याने दोन वेगळ्या गोष्टी एका पिशवीत घातल्या. 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचं आहे. दीडशे-एकशे साठ सीसीची साधी गाडीही एबीएससह मिळते, निम्म्या किमतीत. सुरक्षितता हवी म्हणून ड्यूक घ्यावी लागत नाही. शोरूम आपल्याला ब्रेक दाखवून इंजिन विकतं, आणि आपण घरी येऊन बायकोला ब्रेकचंच कौतुक सांगतो. मीही सांगितलं होतं. ती म्हणाली, "ब्रेकच घ्यायचाय तर एवढी मोठी गाडी कशाला?" याचं उत्तर मला देता आलं नाही.

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांकडे वळतो, म्हणजे माझ्याच जातीच्या आरएक्सभक्तांकडे. मी गाडी बदलली नाही हे वाचून ते खूश झाले असतील. थांबा जरा. ही गाडी 1985 ला आली आणि 1996 ला बंद झाली. 98 सीसी, अकरा हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या आसपास. हलकी असल्यामुळे उडायची, आणि म्हणून आपल्याला वेडं केलं. पण टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलसोबत ऑइलही जळतं आणि काही पेट्रोल न जळताच बाहेर पडतं. मागे निळा धूर निघतो तो नॉस्टॅल्जिया नाही, तो मागच्या माणसाच्या छातीत जातो. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशी टू-स्ट्रोकची सद्दी संपली, ते योग्यच झालं. आज लोक आरएक्सला लाखभर मोजतात, सायलेन्सरमधली जाळी काढून गल्ली हादरवतात आणि त्याला वारसा म्हणतात. ज्या गाडीची वेळेवर पासिंग नाही, पीयूसी नाही, इन्शुरन्स नाही, ती वारसा नाही, नुसती गुन्ह्याची जुनी वस्तू आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, पर्यावरण कर भरावा लागतो. मी भरतो. कुरकुरत भरतो, पण भरतो.

म्हणून मी ठरवलं ते असं. आरएक्स ठेवायची, पण रोज फिरवायची नाही. साताऱ्याला एसटीने जायचं. मेढा आगाराची गाडी आहे, पास काढलाय. अब्बांनी ज्या गाड्यांचे ब्रेक आयुष्यभर नीट केले त्याच आगाराच्या गाडीत बसून जाण्यात मला कमीपणा वाटत नाही. वाचन होतं, झोपही होते. आरएक्स रविवारी काढायची, कण्हेरच्या पाण्याकडे जाऊन यायचं, कधी कुसुंबीच्या रस्त्याने वर कासकडे. हेल्मेट घालून, चाळीस-पंचेचाळीसने. वेगाची हौस फारच उसळली तर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला रेसचा ट्रॅक आहे. तिथे सगळे एकाच दिशेने पळतात आणि मध्ये म्हैस येत नाही. वेगाची जागा ती. ज्या रस्त्यावर शाळेची पोरं चालतात तो रस्ता ट्रॅक नाही.

आणि कर्ज काढायचंच तर मुलीच्या नर्सिंगचं. घाटात पडलेल्याला कुणीतरी उचलून नेणार, आणि तिथे पट्टी बांधायला माझी मुलगी असेल. अपघात करणारा घरात वाढवण्यापेक्षा हे बरं.

मुलाचं काय? तो सोळाचा आहे. कायद्याने सोळाव्या वर्षी फक्त पन्नास सीसीपर्यंतची बिनगियरची गाडी चालवता येते. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर 2019 च्या दुरुस्तीनंतर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड आहे. गावात हे कुणी पाळत नाही, मला माहीत आहे. मी त्याला आरएक्सची चावी दिलेली नाही. "आख्खं गाव चालवतं" म्हणून तो माझ्याशी चार दिवस बोलला नाही. चाललं. न बोलणारा मुलगा घरात असणं मला परवडतं. त्या चाळीसाव्याला बसून आल्यापासून तर फारच परवडतं.

तुमच्यापैकी कुणी या दिवाळीला, ईदला एक्स्चेंजची जाहिरात बघून निघणार असेल, तर वहीचं एक पान घ्या. जुन्या गाडीची किंमत लिहा, त्याखाली एकूण व्याज लिहा, त्याखाली रोजची वाचणारी मिनिटं लिहा. मग घरातल्या बाईला ते पान दाखवा. तिने हो म्हटलं तर खुशाल घ्या, मी मुबारकबाद द्यायला येईन.

भाचा अजून नाराज आहे. त्याला मी निरोप दिलाय, रविवारी सकाळी ये, आरएक्सचे ब्रेक लायनर बदलायचेत. पाना धरायला कुणीतरी लागतं, आणि हे काम त्याला शिकवायचं राहिलंय.