‘फॉरवर्डेड मेनी टाइम्स’चा डबल बाण नेमकं काय मोजतो?

१३ सप्टेंबर २०२२. सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, जत तालुक्यातल्या लवंगा गावात उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना लोकांनी गाडीतून ओढून काढलं आणि काठ्यांनी, पट्ट्यांनी मारलं. ते विजापूरकडून पंढरपूरला निघाले होते. वाटेत एका मुलाला त्यांनी रस्ता विचारला, एवढंच निमित्त झालं. पोलिसांनी कागदपत्रं तपासली तेव्हा ते खरेच साधू निघाले. त्यांनी स्वतः तक्रार दिली नाही, तरी व्हिडिओ सगळीकडे पसरल्यावर पोलिसांनी गुन्हा नोंदवून काही जणांना अटक केली. ‘मुलं पळवणारी टोळी फिरतेय’ हे मेसेज त्या महिन्यात महाराष्ट्रभर फिरत होते आणि पोलीस ठिकठिकाणी ‘ही अफवा आहे’ असं सांगत होते.

मी पलूसचा, म्हणजे याच जिल्ह्यातला. दिवसभर माझं काम सॉफ्टवेअरशी, त्यामुळे मला या घटनेतली एक तारीख जास्त खटकते. लवंग्याच्या चार वर्षं आधीच व्हॉट्सअॅपने फॉरवर्डवर मर्यादा घातली होती. तीही महाराष्ट्रातल्याच एका घटनेनंतर.

ती घटना म्हणजे १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. यातले बहुतेक जण मंगळवेढा तालुक्यातले, म्हणजे आपल्या जतला लागूनच. भिक्षा मागायला गावोगाव फिरणं हा त्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा व्यवसाय. अनोळखी गावात जाणं हेच ज्यांचं पोट, त्यांच्यासाठी ‘अनोळखी माणूस दिसला तर सावध राहा’ हा मेसेज काय होता, याचा विचार करा.

त्या काळात देशभर एक व्हिडिओ फिरत होता. मोटरसायकलवरून दोघं येतात, रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलतात आणि पसार होतात. तो मूळचा कराचीतल्या एका संस्थेने पालकांना जागं करायला बनवलेला व्हिडिओ. मूळ व्हिडिओत शेवटी ते दोघं मुलाला परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. आपल्याकडे आला तेव्हा कुणीतरी हा शेवट कापला होता. खोटं काही घालावं लागलं नाही, फक्त शेवटचे काही सेकंद उडवले.

आता बाणाकडे येऊ.

जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सअॅपने ‘फॉरवर्डेड’ ही खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. २०१९ मध्ये डबल बाण आला. मेसेज पाच किंवा जास्त हातांतून फिरून आला असेल तर तो दिसतो. एप्रिल २०२० पासून असा डबल बाणाचा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. यामुळे असे मेसेज ७० टक्क्यांनी घटले, असं कंपनीनेच सांगितलं.

पण मेसेज आत काय म्हणतोय हे व्हॉट्सअॅपला दिसत नाही, मग हे मोजलं कसं जातं? ई-मेल हे पोस्टकार्डासारखं आहे. वाटेतला सर्व्हर ते वाचू शकतो. म्हणून जीमेल ‘तुम्हाला लॉटरी लागली’ वगैरे शब्द, पाठवणाऱ्याचा पत्ता आणि आधी किती लोकांनी ‘स्पॅम’चं बटण दाबलं हे सगळं बघून तो मेल परस्पर स्पॅमच्या फोल्डरमध्ये टाकतं. व्हॉट्सअॅप २०१६ पासून बंद लखोटा आहे. कंपनीलाही तो फोडता येत नाही. म्हणून लखोट्याच्या आतच एक छोटा आकडा ठेवलेला असतो. तुम्ही फॉरवर्ड दाबलं की तो एकने वाढतो. तुमचं अॅप तो आकडा वाचतं आणि बाण दाखवतं.

म्हणजे बाण खरं-खोटं सांगत नाही, फक्त किती हातांतून आलं तेवढं सांगतो. आजीच्या औषधाची खरी माहितीही डबल बाणाने येऊ शकते.

आणि खरी गोम उलट बाजूने आहे. मजकूर कॉपी करून नव्याने पेस्ट केला की आकडा पुन्हा शून्य. व्हिडिओ गॅलरीत सेव्ह करून तिथून पाठवला, तरी शून्य. कुणी स्वतःच्या आवाजात ‘अरे, आपल्या फाट्यावर पांढरी गाडी फिरतीय, पोरं घरात घ्या’ अशी व्हॉइस नोट टाकली तर अॅपच्या दृष्टीने तो अगदी ताजा, अस्सल मेसेज. गावातली अफवा नेमकी अशीच फिरते. प्रत्येक गाव त्यात आपला फाटा, आपली शाळा, आपला ओढा घालतं. जितकी ती आपली वाटते, तितका बाण नाहीसा होत जातो.

एक साधा हिशेबही करून बघा. २०१८ मध्ये एका ग्रुपमध्ये जास्तीत जास्त २५६ जण असायचे. पाच ग्रुपना फॉरवर्ड, म्हणजे एका झटक्यात १,२८० माणसं. आता एकदा फॉरवर्ड झालेला मेसेज एका वेळी एकाच ग्रुपला जातो, पण २०२२ मध्येच ग्रुपची मर्यादा वाढवत १,०२४ वर नेली. म्हणजे एका झटक्यात १,०२४. एका हाताने नळ आवळला आणि दुसऱ्या हाताने पाइप रुंद केला. प्रत्येक ग्रुप पूर्ण भरलेला नसतो हे मान्य, पण ‘आम्ही मर्यादा घातली’ या वाक्यापुढे हा दुसरा आकडाही लिहायला हवा, असं माझं मत आहे.

सरकारचा उपाय वेगळा आहे. २०२१ च्या आयटी नियमांनुसार मेसेज सर्वांत आधी कुणी पाठवला ते कंपनीने शोधून द्यायचं. व्हॉट्सअॅप याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल २०२४ मध्ये त्यांच्या वकिलांनी सांगितलं की एन्क्रिप्शन तोडायला लावलं तर आम्ही भारतातून जाऊ. कंपनीचा धंद्याचा हिशेब बाजूला ठेवला तरी मला हा नियम अफवेवर लागू पडेल असं वाटत नाही. तो कराचीचा व्हिडिओच घ्या. मूळ पाठवणारा परदेशात असेल तर भारतातला पहिला माणूस ‘मूळ’ धरायचा, असं नियमात आहे. तो कदाचित घाबरलेला एखादा बापच निघेल. आणि त्यासाठी कोट्यवधी लोकांचे लखोटे खुणा करून ठेवायचे.

मग चाळणी उरते ती ग्रुप अॅडमिनची. आमच्याकडे भावकीचा ग्रुप, गल्लीचा, गणेश मंडळाचा, उसाच्या तोडीचा, शाळेच्या पालकांचा असे ग्रुप असतात आणि तीच तीच माणसं सगळीकडे. अॅडमिन बहुतेक वेळा एखादा कॉलेजचा पोरगा, कारण ‘तुला मोबाइलातलं कळतं’. तो वडीलधाऱ्यांना कसं बोलणार? काकांनी टाकलेला मेसेज डिलीट केला तर घरी फोन येतो. शिवाय ‘अॅडमिनला अटक होते’ ही भीती असतेच. त्याबद्दल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की सदस्याच्या पोस्टसाठी, आधीपासून संगनमत नसेल तर, केवळ अॅडमिन म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही.

२०२२ पासून अॅडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. पण डिलीट केल्यावर ‘अॅडमिनने काढला’ असं सगळ्यांना दिसतं आणि तिथेच भांडण सुरू होतं. माझ्या मते त्याआधी काकांना खासगीत ‘हे कुठून आलं काका, तारीख काय आहे?’ एवढं विचारणं जास्त चालतं. नातं राहतं आणि पुढच्या वेळी काका स्वतःच तारीख बघतात. अनोळखी नंबरवरून ‘लग्नपत्रिका’ किंवा ‘पीएम किसान’ नावाची एपीके फाइल आली तर मात्र भीड नको. लगेच डिलीट करा, नंबर रिपोर्ट करून ग्रुपमधून काढा. कुणी ती उघडली असेल आणि खात्यातून पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३०.

तारखेचं महत्त्व आपल्या भागात पावसाळ्यात सर्वांत जास्त. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ रोजी पुरात बोट उलटून अनेक जीव गेले. तेव्हापासून ‘कोयनेतून इतके क्युसेक सोडले’ असा मेसेज आला की नदीकाठच्या घरात कुणी झोपत नाही. मागच्या वर्षीचा मेसेज यंदा आला तर रात्रीत उगाच सामान हलतं. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा खऱ्या इशाऱ्यालाही कुणी हलत नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी, ४५ फुटांना धोका पातळी. त्यामुळे पाण्याच्या मेसेजमध्ये फूट, तारीख आणि वेळ हे तिन्ही नसेल तर तो पुढे पाठवू नका.

गावच्या ग्रुपचे अॅडमिन असाल तर पाणी चढायला लागलं की ग्रुप सेटिंगमध्ये जाऊन मेसेज पाठवायचा अधिकार फक्त अॅडमिनना द्या. तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांच्यापैकी जे ग्रुपवर असतील त्यांना तात्पुरतं अॅडमिन करा आणि प्रशासनाचा शेवटचा मेसेज वर पिन करून ठेवा. पाणी उतरलं की सेटिंग पुन्हा खुली करायला विसरू नका, नाहीतर गणपतीच्या वर्गणीवरून भांडायचं कुठे?