आजीच्या डब्यातली लाखाची गोष्ट

मित्रांनो, गणपती जवळ आले की आमच्या टपालात नाण्यांची पत्रं वाढतात. घरोघरी माळे झाडले जातात, जुने डबे खाली उतरतात आणि पावसानं धुतलेल्या परसात, बांधावर मातीतूनही काहीबाही वर येतं. मग सगळ्यांचा प्रश्न एकच : "काका, याचे किती मिळतील?"

यंदाचं पहिलं पत्र मुरुडजवळच्या एका गावातून आलं. लिहिणारा सातवीत आहे. आजीच्या पितळी डब्यात त्याला अकरा नाणी सापडली. शहाण्यानं कागदाखाली एकेक नाणं ठेवून वरून पेन्सिल फिरवली आणि ते अकरा ठसे मला पाठवले. फोटोपेक्षा कधीकधी असा ठसाच जास्त बोलतो. पण पत्राचा शेवट वाचून मी दचकलो. "एका नाण्यावर राम-सीता आहेत आणि मागे ईस्ट इंडिया कंपनी, एक आणा, १८१८ असं आहे. बाबांनी फोटो एका माणसाला पाठवला. तो म्हणतो, दिल्लीची पार्टी पाच लाख देईल, पण आधी नोंदणीचे अडीच हजार भरा. बाबा शनिवारी भरणार आहेत. आईला वाटतं भरू नयेत. काका, तुम्हीच सांगा."

शनिवार म्हटल्यावर हे सदर छापून येईपर्यंत कोण थांबतो! पत्रात फोन नंबर होता. मी फोन लावला, बाबांना म्हटलं, "पैसे भरू नका," आणि कारणं लिहून कळवतो असं सांगितलं. ती कारणं ही.

१८१८ साल तुम्हाला इतिहासात पाठ असेल. त्या वर्षी पेशवाई संपली. पण आपल्या किनाऱ्यावर तेव्हा कोण होतं? अलिबागेत आंग्रे आणि जंजिऱ्याला सिद्दी. आंग्र्यांच्या मुलखात त्यांचा चांदीचा अलिबागी रुपया होता आणि बाजारहाटाला तांब्याची शिवराई. कंपनीनं आपल्या सगळ्या मुलखासाठी एकसारखी नाणी काढली ती १८३५ साली. त्या रुपयावर चौथ्या विल्यम राजाचं डोकं आहे आणि तांब्याच्या नाण्यांवर कंपनीचं सिंहांचं चिन्ह. राम-सीता किंवा मारुती कंपनीच्या कुठल्याही नाण्यावर नाहीत. आणखी एक गंमत. 'एक आणा' हे नाणं आपल्याकडे आलंच मुळी १९०७ साली, सातव्या एडवर्डच्या वेळी. कडेला लाटांसारख्या खाचा असलेलं, पांढऱ्या धातूचं. मग १८१८ चा आणा आला कुठून?

ही नाणी नव्हेत, देवाची पदकं आहेत. देवळांच्या बाहेर, जत्रांत ती विकायला असतात, लोक भक्तीनं देव्हाऱ्यात ठेवतात. आजीनंही तशीच ठेवली असणार. तिला सांगा, खुशाल ठेव. फक्त पाच लाखांना ती कुणी घेणार नाही आणि घेणारा भेटलाच तर त्याला नोंदणी कशाला लागते? अरे, ज्याला वस्तू हवी तो पैसे देतो, मागत नाही! अलिबागच्या बाजारात पापलेट घेताना कोळीण तुम्हाला उलट पैसे देऊन "आधी हे घ्या, मग मासा घेऊन जा" म्हणते का?

हे लोक रिझर्व्ह बँकेचं नावही बेधडक वापरतात. म्हणून ४ ऑगस्ट २०२१ रोजी बँकेला जाहीर करावं लागलं की, जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आपला संबंध नाही, त्यासाठी आपण कसलंही शुल्क वा कमिशन घेत नाही आणि तसा अधिकार कुणाला दिलेलाही नाही. बाबांना हे वाक्य वाचून दाखव. 'तांदूळ ओढणारं नाणं' म्हणून जे विकतात तो प्रकारही याच जातीचा. त्यात तर माणसं आपली शेती विकून बसली आहेत.

आता उरलेली दहा. त्यांत चार आहेत भोकाचे पैसे, १९४३ ते १९४७ या सालांतले. महायुद्धात तांबं कमी पडलं, म्हणून मधला गोल काढून टाकला. दिसायला मजेदार, पण टांकसाळीनं ते अमाप पाडले, त्यामुळे भाव अगदी साधा. तीन नव्या पैशाची नाणी आहेत, १९५७ नंतरची. तीही भरपूर. सालाखालचं चिन्ह मात्र भिंगातून बघा. चौकटच्या एक्क्यासारखा छोटा हिरा दिसला तर नाणं आपल्या मुंबईच्या टांकसाळीतलं.

एक चांदीचा रुपया आहे, पंचम जॉर्जचा, १९१२ चा. इथं थोडं थांबू या. हा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा. पूर्वी सोनार वजन म्हणून रुपयाच तागडीत टाकत. बारा भागांतले अकरा भाग चांदी, तेव्हा आत साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी आली. आजच्या वर्तमानपत्रात चांदीचा दर बघा आणि गुणाकार करा. त्याच्याखाली हा रुपया कुणाला देऊ नका. ही झाली धातूची किंमत.

आता समजा, हाच रुपया एक वर्ष आधीचा, १९११ चा असता तर? राजाच्या गळ्यातल्या साखळीत एक चिमुकला हत्ती कोरलेला असतो. १९११ च्या छापात त्याची सोंड इतकी आखूड झाली की लोकांना तो चक्क डुक्कर वाटला! मोठी ओरड झाली. सुमारे ९४ लाख रुपये पाडून झाले होते, त्यातले सातेक लाख बाहेर गेले होते, बाकीचे सरकारनं वितळवले आणि १९१२ साली नीट सोंडेचा हत्ती आला. चांदी दोन्हींत तेवढीच, वय जवळपास तेवढंच. पण संग्राहक १९११ च्या रुपयाला कितीतरी जास्त मोजतात, कारण ते थोडे उरले. म्हणून 'किती जुनं?' हा प्रश्न माझ्या मते दुसऱ्या नंबरचा. पहिला प्रश्न : 'किती उरली?'

राहिल्या दोन शिवराया. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला, त्या वेळी महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई काढली. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. होन फार दुर्मीळ. शिवराईचं तसं नाही. महाराजांच्या मागे छत्रपतींनी, पेशवाईतल्या टांकसाळींनी तीच अक्षरं पुढे दीडशे वर्षं पाडली. त्यामुळे 'राजा शिव' दिसलं की ती महाराजांच्या हयातीतलीच असते, असं नाही. झिजलेली साधी शिवराई काहीशे रुपयांना मिळते. अक्षरं पूर्ण, भोवतीची ठिपक्यांची कड शाबूत असेल तर भाव चढतो. तुझ्या एका ठशात मला कडेचे पाच ठिपके दिसले. ती शिवराई जाणकाराला दाखवायची आहे, तोवर तिला हात लावू नकोस.

हात लावू नकोस, म्हणजे मुख्यतः घासू नकोस! लहानपणी मलाही अशीच एक मिळाली होती. दिवाळीत घरात तांब्याचे बंब-घंगाळं चिंचेनं लख्ख होत होती, मीही चिंच आणि राख घेऊन बसलो. शिवराई अशी चकाकली की मी गल्लीभर मिरवलो. पुढे एका जाणत्या गृहस्थांना दाखवली तेव्हा ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "अरेरे." शेदोनशे वर्षांत चढलेला काळसर-हिरवा थर मी एका सकाळी खरवडला होता आणि त्याबरोबर 'शि' ची वेलांटीही. ती अजून माझ्याकडे आहे. विकायला नाही, मला आठवण म्हणून.

पत्राच्या शेवटी दोन ओळी आहेत, "मित्र म्हणतो, किल्ल्यात खणलं तर अजून मिळतील." बाबा रे, कुलाबा आणि जंजिरा हे संरक्षित किल्ले आहेत, तिथं खणणं गुन्हा आहे. आणि इतरत्र जमिनीत पुरलेलं धन सापडलं, अन् ते दहा रुपयांहून जास्त किमतीचं असेल, तर १८७८ च्या कायद्यानं ते जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. म्हणजे आपल्याला अलिबागला. आजीच्या डब्यातल्या नाण्यांना हा नियम नाही, ती तिचीच.

भाव कुणाला विचारायचा? मुंबई-पुण्यात नाण्यांची प्रदर्शनं भरतात, तिथं एकाला नव्हे, तिघांना दाखवा. दुकानाच्या यादीत कुणी किती मागितलेत ते सोडा, लिलावात कुणी खरोखर किती मोजले ते विचारा. अभ्यासच करायचा असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला १९८० साली सुरू झालेली नाण्यांची संशोधन संस्था आहे.

बाकीच्या पत्रांना पुढच्या अंकात उत्तरं देतो. नाण्याचा ठसा पाठवाल तेव्हा सोनाराकडून वजन करून तेही शेजारी लिहा, कारण ग्रॅमभर फरकानंही नकली नाणं उघडं पडतं. आणि मुरुडच्या मित्रा, शनिवारी काय झालं ते कळव.