शोकाची वाटणी

कलावंताने लोकांचे मनोरंजन करावे, इतर उठाठेवी करू नयेत, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी आफ्रिकेतील रवांडा देशाचे गायक किझितो मिहिगो यांचे चरित्र अवश्य पाहावे.

१९९४ साली त्या देशात सुमारे शंभर दिवसांत तुत्सी समाजाच्या लक्षावधी माणसांचा संहार झाला. किझितो तेव्हा बारा वर्षांचे होते. त्यांचे वडीलही त्यात मारले गेले. मोठेपणी ते सूडाच्या मागे लागले असते, तर नवल नव्हते. परंतु त्यांनी भक्तीची व क्षमेची गीते रचली, आणि २०१० साली शांतिकार्यासाठी संस्था स्थापन केली. राज्यकर्तेही त्यांचा गौरव करीत.

२०१४ मध्ये त्यांनी मृत्यूच्या अर्थाविषयी एक गीत प्रसिद्ध केले. त्यात सूडापोटी मारल्या गेलेल्यांबद्दलही करुणा होती. गीतावर बंदी आली आणि लवकरच त्यांना अटक झाली. कटाच्या आरोपावरून २०१५ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली, २०१८ मध्ये माफी मिळाली. फेब्रुवारी २०२० मध्ये पुन्हा अटक झाली व काही दिवसांतच पोलीस कोठडीत त्यांचा अंत झाला. पोलिसांनी ती आत्महत्या म्हटली; मानवी हक्क संघटनांनी स्वतंत्र चौकशीची मागणी केली.

दुसऱ्याच्या मृतासाठी अश्रू ढाळल्याने आपल्या मृतांचा मान उणा होत नाही, की संहार करणाऱ्यांचे पाप हलके होत नाही. स्वतःचा पिता गमावलेल्या माणसाने हे सांगावे, यातच त्याचे मोल आहे. शोकाची वाटणी करू लागलो, की करुणा आटते. आणि करुणा आटली, की पुढच्या सूडाची वाट मोकळी होते.