मॅडमची वाडी

गेल्या महिन्यात एका दाखल्यासाठी अलिबागला एका कार्यालयात दीड तास बसायची वेळ आली. कार्यालय अगदी नवं. काचेचं दार, आत ए.सी., टेबलाटेबलावर संगणक आणि कोपऱ्यात भलीमोठी पांढरी कुंडी. कुंडीत क्रोटनचं झाड. झाड कसलं, चार काड्या आणि दोन पानं! बसल्या बसल्या मी पाहत होते. शिपाई आला, त्याने टेबलांवरचे कप गोळा केले आणि उरलासुरला चहा त्या कुंडीत ओतून निघून गेला. शेजारच्या कपाटावर प्लॅस्टिकची वेल सोडलेली होती. तिच्या पानांवर धूळ बसलेली, पण तब्येत मात्र ठणठणीत!

क्रोटन हे उन्हाचं झाड. आपण ते कुंपणाला लावतो, आणि ऊन मिळालं तरच त्याच्या पानांना रंग चढतो. त्याला बिचाऱ्याला त्या काचेच्या पेटीत कोंडून वर दूध-साखरेचा चहा पाजायचा! चहाने मुंग्या येतात, माती आंबते आणि कुंडीभोवती चिलटं घोंघावायला लागतात. मग साहेब म्हणतात, "ही घाण बाहेर ठेवा."

घरातल्या कुंड्यांविषयी आपण नेहमीच बोलतो. पण आपल्यापैकी कितीतरी जणी सकाळी डबे भरून बँक, शाळा, पंचायत समिती गाठतात आणि दिवसाचे आठ तास तिथे काढतात. तिथल्या झाडांचं काय? घरी येताच मी वन्संना फोन लावला, कारण या विषयातलं मला जे कळतं ते सगळं त्यांच्याकडून.

माझ्या नणंदबाई श्रीवर्धनला एका ऑफिसात काम करतात. सासरची नारळ-पोफळीची वाडी आहे. ज्यांनी वाडी पाहिली नसेल त्यांना सांगते, वर नारळ, त्याखाली पोफळी, पोफळीला बिलगून चढलेली मिरवेल आणि अगदी खाली, ओलसर काळोखात, अळू, नेचे, सोनटक्का, कुणीतरी कधीतरी टाकलेला मनीप्लांट. मे महिन्यात भर दुपारी वाडीतून चाला, डोक्यावर पदर घ्यावा लागत नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. मुरुड, श्रीवर्धन, हरिहरेश्वर या पट्ट्यात पोफळी काड्या मोडाव्यात तशा मोडल्या. वन्संच्या वाडीतल्या निम्म्याहून अधिक गेल्या. पावसाळाभर आभाळ भरलेलं होतं, तोवर खालच्या झाडांचं काही जाणवलं नाही. पण ऑक्टोबरचं ऊन पडलं आणि जन्मभर सावलीत वाढलेली पानं पांढरी पडून करपू लागली. सुपारी पंचनाम्यात लिहिली गेली. नेच्यांचा आणि मनीप्लांटचा पंचनामा कोण करणार? वन्संनी उरलंसुरलं उपटलं, रंगाच्या आणि तेलाच्या डब्यांत लावलं, आणि त्यातले सात डबे रिक्षात घालून ऑफिसात नेले. ऑफिसाचं तेव्हा नुकतंच नूतनीकरण झालेलं होतं. नव्या काचा, नवा ए.सी., आणि टेबलांमध्ये रंग उडालेले डबे! कुणीतरी नाव ठेवलंच, "मॅडमची वाडी."

दोन महिन्यांत सातातले पाच डबे गेले. वाडीत जगलेली झाडं ऑफिसात का मरावीत, हे वन्संना कळेना. त्या रोज पाणी घालत. पण त्या घालत, मग शिपाई घाले, आणि जाता-येता प्यायच्या बाटलीतलं उरलेलं कुणीही घाले. तेवढ्यात त्यांच्या सासूबाई आजारी पडल्या आणि पंधरा दिवस रजा घ्यावी लागली. रजेच्या काळात ए.सी. बिघडला, सगळे उकाड्याने वैतागले, झाडांकडे ढुंकून पाहायला कुणाला सवड नव्हती. वन्सं परतल्या तर उरलेल्या दोन डब्यांना नवी पानं फुटलेली! "वहिनी, मला रडू आवरेना," असं म्हणत त्या फोनवर हसत होत्या. "म्हणजे पाचांना मी माझ्या हातांनी बुडवून मारलं होतं."

इथेच आपण फसतो. ए.सी.ने हवा कोरडी होते, म्हणून झाडाला पाणी जास्त हवं, असं आपल्याला वाटतं. पण उजेड कमी असला की झाडाची वाढ मंदावते आणि ते पाणीही कमी पितं. माती चिखल होऊन बसते, मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. मुळं कुजली की पान पिवळं पडतं, आणि पिवळं पान पाहून आपण आणखी तांब्याभर ओततो! बोट दोन पेरं मातीत खुपसून पाहायचं. ओल लागली तर हात मागे. पावसाळ्यात तर दहा-दहा दिवस पाणी लागत नाही. डब्याच्या तळाला भोकं मात्र हवीतच.

झाड निवडताना नर्सरीत जाण्याआधी मनातल्या मनात वाडीत जाऊन यावं. पोफळीच्या खाली जे राहतं ते ऑफिसात राहतं. गंमत अशी, की मनीप्लांट, सिंगोनियम, अ‍ॅग्लोनेमा, पीस लिली, हल्ली सगळीकडे दिसणारं झेडझेड, ही सगळी आपल्या अळवाची भावकी, एकाच कुळातली. सावली सोसण्याचा गुण घराण्यातलाच. घराण्याचा दुसरा गुणही विसरू नका. अळू नीट शिजलं नाही की घसा खाजतो ना? तेच बारीक, टोकदार क्षार यांच्या पानांतही असतात, आणि डिफेनबेकियात तर पानाचा तुकडा चावला तरी जीभ सुजते. ऑफिसात कुणाचं लहान मूल येऊन बसत असेल तर या कुंड्या त्याच्या हाताला येणार नाहीत अशा ठेवाव्यात.

अरेका पाम म्हणून जे झाड मिळतं त्याला पुष्कळजण सुपारी समजतात. शास्त्रात अरेका हे नाव खरोखर आपल्या सुपारीचं, पण कुंडीतला पाम मूळचा मादागास्करचा. नाव आपलं, गाव भलतंच! त्याला उजेड बराच लागतो, तेव्हा खिडकीजवळच ठेवावा. आणि ते पट्ट्यापट्ट्यांचं, तलवारीसारख्या पानांचं स्नेक प्लांट, त्याला इंग्रजीत 'सासूची जीभ' म्हणतात. पाणी नाही, ऊन नाही, तरी तरतरीत. नाव कुणा सुनेनेच ठेवलं असणार!

उजेडाची परीक्षा अगदी साधी आहे. भर दुपारी दिवा न लावता त्या जागी वर्तमानपत्र वाचता आलं, तर झाड जगेल. नाही आलं, तर तिथे कॅलेंडर लावावं. बिनखिडकीच्या खोलीतही हौस असेल, तर वन्सं करतात तसं करायचं. कुंड्यांच्या दोन जोड्या ठेवायच्या. एक जोडी महिनाभर ऑफिसात, दुसरी घरच्या पडवीत. पहिल्या तारखेला अदलाबदल. वन्सं याला झाडांचं माहेरपण म्हणतात. आपल्यालाही महिन्यातून एकदा मिळालं असतं तर!

आपल्या किनाऱ्यावर पाण्याचं एक वेगळंच दुखणं असतं. एप्रिल-मेमध्ये समुद्राजवळच्या विहिरींचं पाणी मचूळ होतं आणि ते घातलं की पानांची टोकं तपकिरी होऊन वाळतात. ए.सी.च्या नळीखाली बादली ठेवा. ते पाणी हवेतल्या बाष्पाचं असतं, त्यात मीठ नसतं, झाडांना उत्तम चालतं. (पिण्याला मात्र नको.) मातीत काथ्याचा भुसा मिसळणार असाल तर तोही आधी दोन-तीन पाण्यांतून काढा, कारण खाऱ्या पाण्यात भिजवलेल्या सोडणाच्या भुशात मीठ राहतं. शेणखत जुनं आणि कोरडंच घ्यावं. ओलं खत घातलंत तर दुसऱ्याच दिवशी तुमची टेबलावरून हकालपट्टी होईल!

आता माझीच एक फजिती सांगते. मी जिथे शिकवायला जाते तिथे शिक्षकांच्या खोलीत मी हौसेने बाटलीत मनीप्लांट लावला. दिवाळीच्या सुट्टीनंतर सातवीतल्या एका मुलीने बाटली उजेडात धरली आणि म्हणाली, "बाई, यात किडे वळवळतात." डासांच्या अळ्या! डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. तेव्हा बाटलीतलं पाणी आणि कुंडीखालच्या बशीतलं पाणी आठवड्यातून एकदा ओतायचंच, आणि आतून घासायचंही, कारण अंडी काठाला चिकटून कोरडी असली तरी महिनोन् महिने टिकतात. मोठी सुट्टी असेल तर बश्या उपड्या घालून निघावं.

"झाडांनी हवा शुद्ध होते" असं सांगून हल्ली महागड्या कुंड्या विकतात, त्याविषयीही बोलते. १९८९ साली अमेरिकेच्या नासा संस्थेने बंद पेट्यांत झाडं ठेवून प्रयोग केले होते, त्यावरून हे पसरलं. पण ऑफिस म्हणजे बंद पेटी नव्हे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्याच ड्रेक्सेल विद्यापीठाच्या दोघा संशोधकांनी आधीचे सगळे प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला. इमारतीत एरवी जी हवा आपसूक आत-बाहेर होते, तिच्याइतकं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला १० ते १००० कुंड्या लागतील. मग माणसांनी बसायचं कुठे? शुद्ध हवा हवी असेल तर खिडकी उघडावी. पण डोळ्यांना हिरवं दिसण्याचा उपयोग नाही असं मी म्हणणार नाही. रॉजर उल्रिच या संशोधकाने १९८४ मध्ये पेनसिल्वेनियातल्या एका रुग्णालयाच्या नोंदी पाहिल्या. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेवरची कडक औषधंही कमी लागली.

वन्संच्या ऑफिसात हे कुणी वाचलेलं नव्हतं, तरी वर्षभरात डबे सातावरून वीसवर गेले. आणि मग आपल्या ओळखीचंच घडलं. साहेब पाहणीला आले की म्हणत, "मॅडम, झाडांचं जरा बघा." पान पिवळं पडलं, मॅडम. मुंग्या झाल्या, मॅडम. घरी सासूबाईंचं पथ्य, मुलांचे अभ्यास, मोडलेल्या वाडीची उस्तवार, आणि ऑफिसात स्वतःचं काम सांभाळून वीस कुंड्यांचं बाळंतपण! पुरुषांच्या टेबलावरची झाडंसुद्धा बाईनेच पुसायची, हे कुठल्या नियमात लिहिलंय? एके दिवशी वन्संनी कागद घेतला, प्रत्येक डब्यावर टेबलवाल्याचं नाव चिकटवलं आणि सर्वांत मोठा डबा साहेबांच्या खोलीत नेऊन ठेवला. "सर, हा तुमचा. बोट घालून बघायचं, मगच पाणी." दोन दिवस कुजबुज झाली. दोन झाडं मेलीही, आणि वन्संनी ती मरू दिली. मला हे ऐकून फार बरं वाटलं.

साहेबांच्या डब्यात मिरवेल होती, वादळातून वाचलेली. खिडकीपाशी ठेवल्याने ती जगली. मिरी कधी धरली नाही, पण गजाला धरून वर गेली. इकडे वाडीत २०२१ मध्ये लावलेली पोफळीची रोपं, मध्ये सावलीसाठी लावलेल्या केळींच्या आधाराने, आता डोक्यावर गेली आहेत. यंदा पावसाच्या तोंडाला वन्सं कात्री घेऊन साहेबांच्या खोलीत गेल्या आणि वेलीची पाच खोडं कापायची परवानगी मागितली. साहेबांनी आधी डब्यात बोट घालून पाहिलं, मग म्हणाले, "तीनच न्या. फार कापू नका, आत्ता कुठे वाढलीय."

तिन्ही खोडं पोफळींच्या बुंध्याशी लावून झाली. वर चढली की बांधायला वन्संनी केळीची सोपटं वाळत टाकली आहेत.