निष्ठा आणि परतीची वाट



परभणी-पूर्णा रेल्वेमार्गावरच्या पिंगळीहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. वर्षभरापूर्वी तो व्यक्तिमत्त्व विकासाच्या एका मोफत शिबिराला गेला. मग पैसे भरून दुसरा टप्पा, मग तिसरा. आता पगार तिकडेच जातो, फोन कमी झाला आहे आणि ‘घरचे लोक माणसाला मागे ओढतात’ असे तो अम्मीलाच ऐकवतो. अब्बा संतापून म्हणतात, ‘ईदलाही येऊ नकोस म्हणून सांगून टाक.’ त्या विचारतात, ‘खरेच तोडून टाकावे का?’

ती संस्था कोणती हे पत्रात नाही, त्यामुळे तिच्याविषयी आम्ही निकाल देत नाही. पण अशा वाटेचे जगभर गाजलेले एक उदाहरण आहे, सायंटॉलॉजीचे. अमेरिकन लेखक एल. रॉन हबर्ड यांचे ‘डायनेटिक्स’ हे पुस्तक १९५० साली आले आणि थोड्याच वर्षांत त्यातून हा पंथ उभा राहिला. मनावरचे ओझे उतरवण्यासाठी तिथे प्रश्नोत्तरांच्या बैठका होतात. पायरी चढत जावी तशी रक्कम वाढत जाते. १९६७ पासूनच्या त्यांच्या ‘सी ऑर्ग’ या सेवकगटात तर एक अब्ज वर्षांच्या करारावर सही करतात. पंथाच्या विरोधात गेलेल्या नातेवाइकांशी संबंध तोडण्याची तिथे रीत आहे. हा ज्याचा त्याचा निर्णय असतो, असे संस्था म्हणते. बाहेर पडलेले अनेक जण मात्र तो लादला जातो असे सांगतात. २००९ साली पॅरिसच्या न्यायालयाने तिथल्या शाखेला फसवणुकीबद्दल दोषी ठरवून दंड केला आणि २०१३ मध्ये तो निकाल कायम झाला.

हे दूर देशातले म्हणून आपण निर्धास्त राहू नये. जातपंचायतीने वाळीत टाकलेली घरे महाराष्ट्राने पाहिली आहेत. बहिष्काराविरुद्ध १९४९ साली मुंबई राज्यात कायदा झाला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. पुढे महाराष्ट्राने २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. म्हणजे निष्ठेच्या नावाखाली नाती तोडण्याचा रोग कुठल्या एका पंथाचा नाही.

दीनमध्ये जबरदस्ती नाही, हे सूरह बकराच्या २५६व्या आयतीतून आपण शिकतो. सूरह लुकमान तर याहून पुढे जाते. आईवडील शिर्ककडे ओढत असतील तर त्यांचे ऐकू नये, पण दुनियेत त्यांच्याशी भलेपणानेच वागावे, अशी ताकीद तिथे आहे. ईमानसारख्या मोठ्या बाबतीतही जर नाते तोडायचे नाही, तर एखाद्या शिबिरासाठी ते का तोडावे? आणि शिबिराला गेला म्हणून घराने तरी का तोडावे?

म्हणून भगिनी, ईदचे बोलावणे नक्की पाठवा. तो आला की आधी जेवू द्या. त्याच्या गुरूंना नावे ठेवू नका. त्याने तो आणखी दूर जाईल. मग सवडीने एवढेच विचारा: पुढच्या टप्प्यांचा सगळा खर्च सुरुवातीलाच सांगितला होता का? तिथे शंका विचारलेली चालते का? उद्या सोडून आलास तर तिथले मित्र तुझ्याशी बोलतील का? उत्तर लगेच मागू नका. कर्ज काढून पैसे भरत असेल, तर मात्र घरच्या जाणत्या माणसाने कागद पाहावेत आणि गरज पडल्यास वकिलाचा सल्ला घ्यावा.

अब्बाजानना आमचा सलाम सांगा. ज्या निष्ठेत परतीची वाट बंद असते, ती निष्ठा नव्हे, कैद आहे. घराने तरी आपले दार बंद करू नये.