विलाप नव्हे, युक्तिवाद

आदिवासी साहित्यावरचे चर्चासत्र असो वा पर्यावरणदिनाचे व्याख्यान, अमेरिकेतील मूलनिवासींचा विषय निघाला की सिअ‍ॅटल नावाच्या प्रमुखाचे ते सुप्रसिद्ध ‘पत्र’ हमखास वाचून दाखवले जाते. श्रोते हेलावतात. हेलावण्याला आमचा आक्षेप नाही. परंतु हे ‘पत्र’ आज ज्या रूपात फिरते, ते टेड पेरी या पटकथालेखकाने १९७२च्या ‘होम’ या चित्रपटासाठी लिहिले होते. सिअ‍ॅटलच्या १८५४मधील भाषणाचे पहिले छापील रूपही १८८७चे, म्हणजे तेहेतीस वर्षांनंतरचे आणि एका गोऱ्या डॉक्टरने सिद्ध केलेले. ही माहिती काही गुप्त नाही. तरीही ‘पत्र’ वाचले जातेच, कारण आदिवासीच्या तोंडून जे ऐकण्याची आपल्याला हौस आहे, नेमके तेच त्यात आहे.

याउलट ज्यांनी खरोखर पत्रे लिहिली, तारीख-वार घालून वॉशिंग्टनला पाठवली, त्यांची पत्रे आपल्या वर्गात येत नाहीत. आम्ही चेरोकी राष्ट्राच्या पत्रव्यवहाराविषयी बोलत आहोत. सेक्वोया यांनी १८२१मध्ये सिद्ध केलेली लिपी, १८२७ची लिखित राज्यघटना आणि १८२८पासून इंग्रजी व चेरोकी या दोन्ही भाषांत निघणारे ‘चेरोकी फिनिक्स’ हे वृत्तपत्र एवढी सामग्री हाताशी असलेला हा समाज होता. १८३०मध्ये अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी मूलनिवासींना मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला हलवण्याच्या कायद्यावर सही केली. त्याला चेरोकींनी उत्तर दिले ते अर्ज, शिष्टमंडळे आणि न्यायालय यांच्या मार्गाने. जॉर्जिया राज्याचे कायदे चेरोकी भूमीवर लागू होत नाहीत, हा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १८३२मध्ये दिला. तो अमलात आला नाही, ही गोष्ट निराळी.

२९ डिसेंबर १८३५ रोजी न्यू एकोटा येथे जेमतेम वीसेक माणसांनी पन्नास लाख डॉलरच्या मोबदल्यात मिसिसिपीच्या पूर्वेकडील साऱ्या भूमीचा करार केला. त्या वेळी राष्ट्राचे प्रमुख जॉन रॉस वॉशिंग्टनला होते. पुढच्या वर्षी सिनेटने हा करार आवश्यक बहुमतापेक्षा केवळ एक मत अधिक मिळवून मंजूर केला. त्यावर रॉस यांनी २८ सप्टेंबर १८३६ रोजी अमेरिकी काँग्रेसला जे पत्र लिहिले, ते मुळातून वाचावे. हा करार आमच्या राष्ट्राचे कृत्य नव्हे. आम्ही त्यातले पक्षकार नाही. सह्या करणाऱ्यांकडे आमच्या राष्ट्रातले कोणतेही पद नाही, हा त्याचा कणा आहे. दुःखही त्यात आहे; पण ते या कण्याला धरून आहे. संकलनकार बहुधा दुःखाची वाक्ये तेवढी उचलतात. मग पत्राचा विलाप होतो, आणि विलापाला उत्तर देण्याची जबाबदारी कोणावरच राहत नाही.

‘ही तर दप्तरातली कागदपत्रे, साहित्य कसले?’ हा आक्षेप आम्ही ऐकला आहे. मराठीच्या अध्यापकाने तरी तो घेऊ नये. आज्ञापत्र आपण गद्य म्हणून शिकवतो. बखरी आणि ऐतिहासिक पत्रे वाङ्मयेतिहासात सन्मानाने बसवतो. आज्ञा देणाऱ्याचे पत्र गद्य आणि अर्ज करणाऱ्याचे पत्र मात्र दप्तर, हा निकष वाङ्मयीन नाही. तो दरबारी आहे.

दुसरा आक्षेप ‘अस्सलपणा’चा. रॉस इंग्रजीत लिहीत आणि रक्ताच्या हिशेबाने त्यांच्यात चेरोकी अंश अष्टमांशच होता. पण चेरोकींचे कूळ आईकडून चालते. त्या न्यायाने ते चेरोकीच. रक्ताचा अपूर्णांक मोजण्याची पद्धत ज्यांची, त्यांच्याच मापाने आपण का मोजावे? आणि समोरचा ज्या भाषेत करार करतो, त्याच भाषेत त्याला अडवणे यात अस्सलपणा कोठे हरवतो?

तिसरा आक्षेप अधिक गंभीर: पत्रांनी काय साधले? १८३८च्या वसंतात १५,०००हून अधिक नावांचा अर्ज काँग्रेसपुढे गेला आणि बाजूला सारला गेला. एप्रिलमध्ये इमर्सन यांनी अध्यक्ष व्हॅन ब्युरेन यांना आपले गाजलेले पत्र लिहिले. अमेरिकी साहित्याचे अभ्यासक तेवढे ओळखतात. ज्यांच्यासाठी ते लिहिले, त्यांची पत्रे ओळखत नाहीत! मे महिन्यात जनरल विन्फील्ड स्कॉट यांच्या सैन्याने माणसे घरांतून काढून छावण्यांत कोंबली. या हद्दपारीत सुमारे ४,००० माणसे मेली, असा अंदाज नेहमी दिला जातो. परंतु त्याच उन्हाळ्यात रॉस स्कॉट यांच्याशी वाटाघाटी करत होते. स्थलांतराची व्यवस्था आम्हीच पाहू, असा आग्रह धरून त्यांनी दर हजार माणसांमागे ६५,८८० डॉलर हा खर्चाचा आकडा मान्य करून घेतला. १ ऑगस्टला अकोही छावणीत, म्हणजे कैदेतच, चेरोकी परिषदेने ठराव केला की आमची राज्यघटना आणि कायदे अबाधित आहेत. हा ठराव सोबत घेऊन ते राष्ट्र पश्चिमेला गेले. याला केवळ अपयश म्हणणे म्हणजे पत्र न वाचणाऱ्याचा दोष पत्र लिहिणाऱ्याच्या माथी मारणे होय.

मात्र रॉस यांची मूर्ती घडवण्याचा आमचा हेतू नाही. ते स्वतः गुलामांचे मालक होते, आणि स्वातंत्र्याची मागणी करणाऱ्या त्या राष्ट्राबरोबर कृष्णवर्णीय गुलामही पश्चिमेला चालत गेले. शिवाय ‘फिनिक्स’चे पहिले संपादक इलायस बुडिनॉट करारावर सही करणाऱ्यांपैकी होते. रॉस लोकांना वस्तुस्थिती कळू देत नाहीत, हा आरोप त्यांनी १८३७च्या पुस्तिकेत मांडला. जून १८३९मध्ये त्यांचा स्वकीयांकडूनच खून झाला. त्यांना ‘फितूर’ म्हणून निकालात काढणारा अभ्यासक रॉस यांनाही समजू शकणार नाही. सारा प्रदेश जाणारच असेल तर प्रमुखाने सही करावी की नकार द्यावा, हा या दोघांतला वाद आहे, आणि तो दोघांनीही छापील शब्दांत केला आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. आदिवासी किंवा तौलनिक साहित्याच्या तासाला सिअ‍ॅटलचे बनावट पत्र बाजूला ठेवावे आणि रॉस यांचे १८३६चे पत्र बुडिनॉट यांच्या पुस्तिकेशेजारी ठेवून वाचावे. विद्यार्थ्यांना ‘किती हृद्य!’ असे म्हणू देऊ नये. कोणाचे म्हणणे पटते आणि का, हे विचारावे. हा वाद केवळ दप्तरातला उरलेला नाही. त्याच न्यू एकोटा कराराच्या सातव्या कलमात काँग्रेसमध्ये चेरोकी प्रतिनिधीची तरतूद होती. २०१९मध्ये चेरोकी राष्ट्राने त्या कलमावर बोट ठेवून किम टीही यांचे नाव जाहीर केले. ज्या कराराला रॉस यांनी राष्ट्राचे कृत्य मानले नाही, त्याचेच कलम त्यांच्या वारसांनी अमेरिकेपुढे ठेवले आहे.